खडूची गोळी

७ जानेवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. हॉस्पिटलवाले माझ्या नोंदी ठेवणार, मग त्यांच्या नोंदी कोणी ठेवायच्या? एकतीस वर्षं तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत क्यूसीत, म्हणजे माल तपासण्यात, काढली. कागद कुठे खोटं बोलतोय ते मला वासावरून कळतं.

थोडक्यात परिस्थिती. प्रोस्टेटचा कॅन्सर. रक्तातला पीएसए ६४, चारच्या आत हवा. पालघरच्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाचा ट्रायल चालू आहे, त्यात आज सही केली. बावीस पानांचं संमतिपत्र. सगळं वाचून शुद्धलेखनाच्या चार चुका काढून दिल्या. ट्रायलचं काम बघणाऱ्या दिशा मॅडम थँक्यू म्हणाल्या. मनापासून वाटलं नाही.

नेहमीचं हार्मोनचं इंजेक्शन सगळ्यांना, दर तीन महिन्यांनी. शिवाय रोज एक गोळी. अर्ध्या लोकांना नवं औषध, अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, ते कॉम्प्युटर ठरवतो. डॉक्टरांनाही माहीत नसतं म्हणे. एवढं शिकून काय उपयोग?

संकल्प: महिन्याभरात माझी गोळी खरी की खोटी ते शोधून काढणे.

८ जानेवारी

गोळी चावून बघितली. खडू.

चंद्रकांता म्हणाली, गोळ्या चावत नाहीत, गिळतात. बायकोला क्यूसीतलं काय कळणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी व्हिजिट. उरलेल्या गोळ्या मोजून परत घेतात. माझी एक कमी भरली. बेसिनमध्ये पडली म्हणून सांगितलं. खरं तर कपाटात डबीत आहे. प्रत्येक बॅचचं सॅम्पल राखून ठेवायचं, ही एकतीस वर्षांची सवय.

वेटिंगमध्ये शेजारी रामू तांडेल. मुरबे गावचा, स्वतःची मासेमारीची बोट आहे. मी ज्या दिवशी सही केली त्याच दिवशी त्यानेही अंगठा, माफ करा, सही केली. त्याचा चेहरा लालबुंद, गमछ्याने घाम पुसतोय. अंगातून आग निघते म्हणाला, थंडीतपण पंखा लागतो. मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, जानेवारीपासून.

म्हणजे खरं औषध याच्याकडे.

घाम मलाही येतो. रात्रीत दोन बनियन बदलतो. पण ते बोईसरच्या हवेमुळे.

११ फेब्रुवारी

बोईसरच्या एका खाजगी लॅबमध्ये गुपचूप पीएसए केला. ३.१. चौसष्टवरून तीन! लॅबवाल्याने टेस्ट न करता आकडा लिहिला असणार. मीही ३.१ च लिहिला असता. नुसता ३ लिहिला की ऑडिटरला संशय येतो.

आमच्याकडे रिअ‍ॅक्टरचं टेम्परेचर दर तासाला लिहायचं असे. आम्ही सकाळीच आठही आकडे एकदम लिहून मोकळे व्हायचो. पण तो भाग वेगळा. ती सिस्टिम होती.

चंद्रकांता म्हणाली, इंजेक्शनने उतरला असेल. इंजेक्शन जुनं आहे. जुन्याने एवढं होत असतं तर नवं कशाला काढलं असतं? ती भाजी निवडायला गेली.

२० फेब्रुवारी

नीलेशला फोन. माझ्या हाताखाली होता, आता लॅबचा इन-चार्ज. गोळी मशीनवर लावून देशील का विचारलं. म्हणाला, साहेब, ऑडिट चालू आहे, बघतो. हा 'बघतो' मीच त्याला शिकवला.

४ मार्च, मंगळवार

काम फत्ते.

नवीन बाटलीतली पहिली गोळी तिथेच, दिशा मॅडमसमोर खायची असते, त्यामुळे सील फुटलेलंच असतं. रामूला ईसीजीला बोलावलं. त्याने आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. जरा बघा म्हणाला. त्याच्या गोळ्या माझ्या बाटलीत, माझ्या त्याच्या बाटलीत. लेबलं जागच्या जागी. रुमालावर चाळीस सेकंद. हात अजून शाबूत आहे.

त्याच्या गोळ्यांतली एक गोळीही माझ्या डबीत घातली. वेगळी पुडी, वर तारीख.

यात रामूचं नुकसान काही नाही. त्याला दोन महिने खरं औषध मिळालं, आता माझी पाळी. हे समान वाटप झालं. जाताना त्याने मला सुके बोंबील दिले. घरून खास आणले होते. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१२ मार्च

फरक जाणवतो. जिना चढताना दम लागत नाही. गोळीला एक कडवट, औषधी चव आहे. खडू आणि औषध यातला फरक जिभेला कळतोच.

दोन्ही नमुने नीलेशकडे पोचवले. तो मशीनवर लावेल तेव्हा लावेल. अनुभवापुढे मशीन काय.

१ एप्रिल, मंगळवार

इंजेक्शन झालं. रामू यूरिन द्यायला गेला, पिशवी परत माझ्याकडे. या वेळी पस्तीस सेकंद.

त्याच्या दंडावर पुरळ उठलंय. उन्हाने असेल. आमच्या दोघांच्या बायका आता मैत्रिणी झाल्यात. त्याची रंभाबाई आणि आमची चंद्रकांता फोनवर तासतासभर बोलतात. काय बोलतात कळत नाही. मी आत गेलो की विषय लोणच्यावर जातो.

१५ एप्रिल

रंभाबाईचा फोन. रामू चक्कर येऊन बोटीत पडला. कपाळाला पाच टाके. पुरळ पाठभर पसरलंय.

माझ्या मनात आलं, उन्हाळा आहे, पाणी कमी प्यायला असेल. चंद्रकांता माझ्याकडे बघत होती. का बघत होती कळलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

नीलेशचा फोन आला. माझ्या मूळ गोळीत औषध आहे. मशीनच्या आलेखावर चांगला उंच पीक, म्हणजे सुळका, आला. रामूच्या गोळीत काही नाही. सपाट रेघ.

मी म्हटलं, पुड्या अदलाबदल झाल्या असतील. तो म्हणाला, साहेब, लेबल तुमच्याच हस्ताक्षरात होतं.

त्याला परत लावायला सांगितलं. त्याने आधीच तीनदा लावलं होतं.

१९ एप्रिल

शांतपणे विचार केला. खरं औषध माझ्याच नावावर होतं. दीड महिना मी रामूचा खडू खातोय. जिना चढतोय.

उपाय सोपा आहे. २९ तारखेला माझी नवीन बाटली मिळेल, ती आता बदलायची नाही. कोणाला काही सांगायची गरज नाही. गप्प राहणे हीही एक पद्धत आहे.

२३ एप्रिल

डॉक्टरांना वाटलं, चक्कर नव्या गोळीची असावी. म्हणून कोणाला कुठली गोळी ते सांगणारा गुप्त कोड रामूपुरता उघडला. निघालं, त्याची गोळी बिनऔषधाची. मग चक्कर कशाची, पडला कसा? आजार डोक्यात तर पोचला नाही? सोमवारी मुंबईला मेंदूचा स्कॅन ठरलाय.

चंद्रकांताने हे सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. रंभाबाईने मुलीला सुरतेहून बोलावून घेतलंय. देवीला नवस बोलली आहे.

डॉक्टरांना माहीत नाही. कॉम्प्युटरलाही नाही. मला माहीत आहे.

२४ एप्रिल

स्कॅनने नुकसान होत नाही. उलट तब्येतीची फुकट तपासणी. सोमवारी रिपोर्ट नॉर्मल येईल, मंगळवारी माझी बाटली हातात.

सांगितलं तर मला ट्रायलबाहेर काढणार. नवं औषध गेलं. पीएसए ६४ माझा होता, रामूचा नव्हे.

दुपारी जेवण गेलं नाही. बोंबलाची चटणी होती.

२५ एप्रिल

रंभाबाईने आज मलाच फोन केला. तुमी शिकलेले हाव म्हणून विचारते म्हणाली. डोक्यात गेलं तर मानूस किती दिवस जगतं?

मी म्हटलं, गोळीमुळेही असू शकतं. ती म्हणाली, पन गोळीत तर कायच नव्हतं ना. मी फोन ठेवला.

मला लाज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, कारण एकतीस वर्षांत कुठल्या रजिस्टरमध्ये असं काही लिहिल्याचं आठवत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळची एसटी धरून पालघर. दिशा मॅडमना सगळं सांगितलं. रुमाल, पस्तीस सेकंद, डबी, नीलेशचं नाव सोडून सगळं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त कागद पुढे केला आणि तारखांसकट लिहून द्यायला सांगितलं. मी विचारलं, मंगळवारची माझी बाटली? त्या म्हणाल्या, ते कमिटी ठरवेल, तोवर गोळी बंद.

डॉक्टरांनी माझ्यासमोरच रामूला फोन लावला. उरलेल्या गोळ्या आजच बंद करा, दोन आठवडे थांबू, स्कॅन तूर्त नको. पलीकडून रंभाबाईचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती ते ओळखता आलं नाही.

मग फोन रामूने घेतला आणि मला द्यायला सांगितलं. मी म्हटलं, चुकलो.

"पिशवी तुमच्याजवल ठेवली ती भरवशावर, साहेब," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाजवल ठेवली नसती."

१३ मे

रामूचं पुरळ गेलं, चक्कर थांबली. चंद्रकांताकडून कळलं. मला थेट कोणी सांगत नाही.

कमिटीचं पत्र. मी ट्रायलबाहेर. कोड उघडल्यामुळे रामूही बाहेर. इंजेक्शन दोघांचं चालू राहील. लॅबचा पीएसए: ०.८. या वेळी आकड्यावर संशय घेतला नाही. जुन्या इंजेक्शनने उतरलाय, चंद्रकांता म्हणाली होती तसाच. आणि घामही त्याचाच, हवेचा नव्हे.

२४ जून, मंगळवार

इंजेक्शनची तारीख. मासेमारी बंद आहे, त्यामुळे रामू लवकर आला होता. कपाळावर टाक्यांची खूण. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथेच बसला, त्यामुळे बरं वाटलं. बोटी ओढून ठेवल्या का विचारलं, हो म्हणाला. मी घरून चिंचेचं लोणचं आणलं होतं, ते दिलं. घेतलं. झाकण घट्ट आहे का तेवढं बघितलं.

मला वाटलं, मिटलं सगळं.

मग नर्सने त्याला यूरिन द्यायला बोलावलं. उठला, दोन पावलं गेला, परत आला, आणि खुर्चीवरची पिशवी उचलून बरोबर घेऊन गेला.