राळ्याचं माप

नाशिक रोड, रविवार संध्याकाळ

डोकं फिरलंय आज. परवा सुनीलनं आमच्या एकट्या फिंच पक्ष्यासाठी मादी आणली, तेव्हा सासूबाईंनी हौसेनं पिंजऱ्याच्या दारात तांदळाऐवजी पाखरांच्या राळ्याचं माप ठेवलं होतं. नवी सून टुणकन माप ओलांडून आत गेली आणि सगळे हसलो. मीसुद्धा!

आज बघते तर तिच्या मानेवरची पिसं उपटलेली, कातडी लालभडक. नर तिला दाण्याजवळ फिरकू देत नाही. आणि सुनील म्हणतो काय, "नवीन आहे, रुळेल हळूहळू." रुळेल? मार खाऊन? ती लाल मान याला दिसत नाही?

उठले, नराला धरलं आणि ती ज्यातून आली त्या छोट्या पिंजऱ्यात टाकलं. मोठा पिंजरा तिला.

"अगं, त्याचं घर आहे ते!" सासूबाई ओरडल्या.

"मग तिचं कुठलं, आई?"

सासूबाई त्या लाल मानेकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांनी पुन्हा राळ्याचं माप भरलं आणि नराच्या पिंजऱ्याच्या दारात ठेवलं.

"बघ आता," त्याला म्हणाल्या, "सासरी राहून."