बिटाच्या रंगाची बुचं

३ नोव्हेंबर, सोम.
प्रताप नगरच्या ताईंची ऑर्डर पक्की. मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला बुचांच्या की-चेन, मुख्य टेबलासाठी एक मोठा ट्रे. अट एकच. बुचं खरी हवीत, वाइनच्या बाटलीतून निघालेली, लाल डागासकट. नवीकोरी चालणार नाहीत.
प्र. म्हणाला, "सुधाकर देते नं. तू कायले टेन्शन घेते?" (नवऱ्याचं पूर्ण नाव इथे लिहीत नाही. वही कुठेही पडलेली असते.) सुधाकर त्याचा शाळेपासूनचा मित्र, वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात बार सांभाळतो. माझ्या कामाची बुचं आजवर त्याच्याकडचीच, प्र. जाऊन घेऊन येतो.
सासूबाईंचं पालुपद: "दोन वर्षं झाली त्याले दारू सोडून. अन् तू त्याच्याच हातानं दारूची बुचं आणवून राहिली."
 

८ नोव्हें., शनि.
पिशवी आली. पण काहीतरी वेगळं. सुधाकरच्या बुचांना भोक बरोबर मधोमध असतं, रोज बाटल्या उघडणारा हात तो. ही भोकं तिरपी, कडा कुरतडलेल्या. बाटली उघडायची सवय नसलेल्या कुणीतरी...
प्र.ला विचारलं. "नवा वेटर आला असन." असेल.
संध्याकाळी प्र.ने दारात श्वास फुंकला. व्यसनमुक्ती केंद्रातून आला त्या दिवसापासूनचा रिवाज. चप्पल काढायच्या आधी माझ्यासमोर उभं राहायचं, तोंड उघडून श्वास सोडायचा. मी कधी मागितलं नव्हतं, त्यानेच सुरू केलं. आज बडीशेपेचा वास. हा माणूस बडीशेप कधीपासून खायला लागला?

९ नोव्हें., रवि.
विहारात गेलो. पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला त्याचा आवाज हळू झाला. की रोजच होतो, आणि आज माझा कान तिकडे होता? मन चिंती ते वैरी न चिंती.

११ नोव्हें., मंगळ.
नंदाला फोनवर सांगितलं, हाच वाइनच्या बाटल्या उघडतो की काय. बहीण असून हसली. "क्वार्टरवाला माणूस वाइनवर जाते काय वं? त्याले ते शरबत वाटन."
बरं वाटलं, पाचेक मिनिटं. मग डोक्यात आलं, वाइन माणूस एकटा पीत नाही. मग कुणासोबत? हे किडे नंदामुळेच.

१२ नोव्हें., बुध.
भाजी घ्यायला गेले तर बाजारात सुधाकर.
"वहिनी, जयभीम. बुचं? मी तं दिवाळीच्या आधीच ते हॉटेल सोडलं. कॅटरिंगमध्ये हाओ आता. त्याले सांगतलं होतं नं."
हसून "हो हो" म्हटलं. मेथी भाजीवालीकडेच विसरले.

१३ नोव्हें., गुरु.
 सकाळी प्र. कामावर गेल्यावर पिशवीतली सगळी बुचं उकळायला टाकली. एरवीही उकळतेच, वास जातो आणि कापायला मऊ होतात.
पाणी गुलाबी झालं. वाइनचा डाग असा सुटत नाही, तीनदा उकळला तरी चिकटून बसतो. ही बुचं मात्र बघता बघता कोरी. बोट बुडवून जिभेला लावलं. बीट.
नवी बुचं आणून, बिटात बुडवून, स्क्रूने भोकं पाडली याने. मी ओट्याला टेकून हसले. मग रडले. काय काय समजून बसले होते मी.
गाळताना तळाशी एक निघालं. जांभळं. भोक मधोमध. हुंगलं. आंबूस.
संध्याकाळी दोन्ही प्रकार समोर ठेवले. तो खाली बघूनच बोलला. "कोणत्या बारमध्ये जाऊन मागू मी? दारात उभा राहिलो तं पाय आत जातीन. म्हणून बीट केलं. तुही ऑर्डर जाईन असं वाटलं."
"अन् हे एक?"
"नमुना हाय. रंग कसा असते ते पाहाले. मागच्या दारातून मागून आणला."
"आत नाही गेले?"
"मागच्या दारातून म्हटलं नं."
बडीशेपेचं विचारलं. "कोणती बडीशेप?" म्हणाला.

१५ नोव्हें., शनि.
ताईंना बिटाची बुचं देणार नाही. आणि आता बुचं मीच आणीन, त्याला पाठवणार नाही. हे आधी सुचायला हवं होतं. दोन वर्षं मीच त्याला त्या दाराशी उभं करत होते, घरात शोभेच्या वस्तू व्हाव्यात म्हणून. सासूबाई बरोबर होत्या. त्यांना सांगणार नाही.
ओढणी डोक्यावरून घेऊन त्याच्या कामाच्या वाटेवरच्या एका बारच्या मागच्या दाराशी गेले. आचारी बाहेर कांदे सोलत होता. अर्धं पोतं बुचं दिली बिचाऱ्याने. निघताना विचारलं, मागच्या आठवड्यात कुणी एकच बूच मागायला आलं होतं का?
"येत राह्यते बाई लोकं. कोणाकोणाले ध्यानात ठेवू?"
आत आलं होतं का, हे विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे विचारलं नाही.

१६ नोव्हें., रवि.
सकाळपासून उकळते आहे. घरभर वाइनचा वास, पडद्यांनासुद्धा. सासूबाई नाकाला पदर लावून शेजारी जाऊन बसल्या. ट्रे झाला, छान झाला.
सहा वाजता प्र. आला. दारात उभा राहिला, तोंड उघडलं, श्वास सोडला.
वास आला. त्याचा, की माझ्या हातांचा, की भिंतींचा, कळेना. पुन्हा जवळ गेले. तरी कळेना. दोन वर्षं ज्या नाकावर भरवसा ठेवला ते आज मीच निकामी केलं होतं.
त्याला चेहऱ्यावरून कळलं असावं. चप्पल न काढता तसाच उभा. "हात धुऊन ये," म्हणाला. "मी थांबतो."
दोनदा साबण लावला. हुंगले तर बोटांना अजून तोच वास. बाहेर आले तेव्हा तो तिथेच होता, तोंड उघडायच्या तयारीत.
"राहू द्या," म्हटलं. "या आत."
तो बराच वेळ आला नाही.