सेम्बावांगचे दमाव्लाद्येलेत्स

३ मे २००७
पापड तळले, तर घरमालक प्रबोध नाकाला रुमाल लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे! 'लाइट कुकिंग' म्हणजे मॅगी आणि उकडलेली अंडी, हे पुन्हा ऐकवलं. वर रशियन भाषेचा धडा! ती तरुणपणी पुण्यात शिकले आहेत म्हणे. घरमालकाला रशियनमध्ये 'दमाव्लाद्येलेत्स'. दोम म्हणजे घर— लिहायचं दोमो, म्हणायचं दमा. म्हणताना त्यांना खरंच दमा लागतो. पुढचा 'व्लाद' म्हणजे सत्ता. "नुसता मालक नव्हे रे, राज्य करणारा."
राज्य कसलं— दोन खोल्या आणि बांबूवर वाळणारे बनियन.

५ मे
गार्गीचा व्हिजिट पास मंजूर झाला! लग्नानंतर महिनाभरात तिला साताऱ्याला सोडून इथे परदेशात, सेम्बावांगच्या जहाजगोदीत कामाला आलो, त्यानंतर आत्ताच भेट. जूनमध्ये येईल. पण खोली 'एकट्या पुरुषाला' दिलेली. विचारायचं वाक्य कागदावर लिहून पाहिलं. खोडलं.

६ मे
विचारलं. आधी व्याख्यान. त्यांचं दोम आणि संस्कृतातलं दम एकच, दम म्हणजे घर. म्हणून दंपती म्हणजे मुळात घराचे धनी. मग चहाचा भुरका. "आणि घरात धनी एकच बरा. कपल नको."
दंपतीचं मूळ सांगून दंपतीला नकार! माझा डिप्लोमा अर्धवट, पण असली विद्वत्ता नको रे बाबा.

१० मे
गोदीच्या यार्डातून सुटल्यावर खोल्या पाहिल्या. सगळीकडे 'नो कपल'. गार्गीला अजून कळवलेलं नाही.

१३ मे
सकाळी बेल. साठीच्या चिनी बाई, मॅडम टॅन. आत येऊन नळ तपासू लागल्या. फ्लॅट त्यांचा आहे! प्रबोध साधे भाडेकरू, आणि मला खोली त्यांनी चोरून दिलेली. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "धिस वन हू? आय सेड नो सबटेनंट, हॉर." हा 'हॉर' इथल्या इंग्रजीचा, म्हणजे 'कळलं ना?'
"माय नेफ्यू, मॅडम. व्हिजिटिंग ओन्ली." प्रबोधनी घाईघाईने माझ्या खांद्यावर हात टाकला. माझ्याकडे असे लाचारपणे बघत होते की किळस आली.
मी म्हणालो, "मामा, मॅडमना चहा टाकू?"

१४ मे
"मामा, तुमची भाचेसून एक जूनला येतेय. मोठी खोली लागेल." एवढंच म्हणालो.
संध्याकाळी त्यांनी आपली गादी लहान खोलीत ओढत नेली. स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ त्यांच्याकडे राहिलं तर चालेल का, विचारत होते.
बघतो म्हटलं.