उठलं की लागणारी धाप

तीर्थरूप आईस,
पडल्यापडल्याच नमस्कार. अक्षर वाकडं आलंय म्हणून घाबरू नकोस. दोन्ही वेळा नीट जेवतो.

सलूनमध्ये उभं राहिलं की मला धाप लागायची, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाठ टेकून पडलं की थांबायची. मालक म्हणायचा, "कामचुकार लेकाचा!" दवाखान्यात खाटेवर झोपवून तपासायचे, तेव्हा सगळं ठीक. परवा बोटाला लावलेला प्राणवायू मोजायचा चिमटा काढायचा राहिला आणि मी चपला घालायला उठलो, तर यंत्र कोकलायलाच लागलं. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा झोपवलं, पुन्हा बसवलं, आणि दोन्ही वेळचे यंत्रावरचे आकडे लिहून घेतले.

हृदयातल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. उठलं की अशुद्ध रक्त त्यातून शुद्ध रक्तात मिसळतं. उद्या मांडीच्या शिरेतून तार घालून त्या भोकावर झाकण बसवणार आहेत. छाती फाडणार नाहीत. कागदावर सही मीच केली.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि ताई अजून हातातलं काम टाकून आडवी होते का? तिला आळशी म्हणू नकोस गं. माझं काय होतंय याची वाट न बघता तिला दवाखान्यात ने, आणि बसवून तपासायला सांग.

तुझाच,
धाकटा