बुडापेस्टची वजडी

माय, आज मला तुझा लई राग आलाय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडून काय उपयोग, असं म्हणशील. पण ह्या गोष्टीवरून भांडायला मला दुसरं माणूस तरी कुठं आहे? तुझी नात हंगेरीत शिकते, बुडापेस्ट नावाच्या शहरात. जवळच्या खुलताबादला जायचं म्हटलं तरी तू आदल्या दिवसापासून चारदा गाठोडं बांधायचीस-सोडायचीस, आणि तुझी लेक शाळेतून रिटायर झाल्यावर विमानानं तिथं जाऊन आली. नातीनंच बोलावलं आणि तिनंच बजावलं, "मम्मी, मोठ्या हॉटेलात बसायचं नाही, आपल्याला परवडत नाही. पण तिथलं खरं जेवण मी तुला खाऊ घालते."

खरं जेवण म्हणे! पहिल्या दिवशी बाजारात उभ्याउभ्या लांगोश खाल्ला. ताटाएवढी तळलेली पुरी समज, वर लसूण, आंबट मलई आणि किसलेलं चीज. निम्मी मलई माझ्या साडीवर. दुसऱ्या दिवशी गुलाश. लालभडक रस्सा बघून वाटलं, आता नाकातून पाणी येणार. घोट घेतला तर मिरची गोड! नाव मोठं, लक्षण खोटं. एकदा तर जेवणाच्या आधी चेरीचं सूप आलं, गोड आणि थंडगार. मी म्हटलं, "हे आधी प्यायचं? मग शेवटी काय, वरण?" पोरगी हसली, मला मात्र हसू येईना. पिशवीतनं ठेच्याची डबी काढली तर म्हणते, "मम्मी, लोक बघतायत." बघू दे की! मी काय चोरून आणलाय?

मग एका दुपारी चालून चालून पाय दुखले म्हणून तिनं मला एका खाणावळीत नेलं. कामावरची माणसं घाईनं जेवून जातात तसली, स्वस्त. दार सताड उघडं, बाहेर फळ्यावर खडूनं आजचे पदार्थ लिहिलेले. आणि दाराबाहेरच मला वास आला, माय. मी थांबले. तुझ्या नातीला कळेना. तिनं फोन फळ्यासमोर धरून त्यावरचं भाषांतर वाचलं आणि नाक मुरडलं, "ईऽ, जनावराचं पोट आहे, मम्मी." मी म्हटलं, "वजडी म्हण. तुझ्या आजीची वजडी."

कोट घातलेला एक साहेब माझ्यापुढं रांगेत उभा, त्यानं तीच मागितली. वाढणारी बाई जाडजूड, हसरी, तिनं उकडलेल्या बटाट्यांवर पळीभर वजडी ओतली. पहिला घास घेतला आणि तुझीच आठवण आली. दुसऱ्या घासाला राग आला, कारण ती तुझ्यासारखी नव्हती. कांदा होता, ती गोड मिरची होती, पण येसर मसाला नव्हता, जाळ नव्हता, आणखी काहीतरी नव्हतं आणि ते काय हे मला सांगता येईना. पोरीला म्हटलं, विचार तिला, साफ कशी करतात. ती बाई फोनमधनं म्हणाली, "दुकानातून साफ होऊनच येते." झालं! एवढ्या लांब जाऊनही माझ्या पदरात काय पडलं?

तू का नाही शिकवलंस? वस्तीत होतो तेव्हा तू ती अंगणात तीन दगडांच्या चुलीवर करायचीस आणि शेजारी वाटीवाटी पोचवायचीस. मग बाबांना नोकरी लागली, आपण कॉलनीत भाड्यानं आलो. घरमालकीण एकदाच म्हणाली, "तुमच्यात काय शिजतंय हो, वास येतोय." त्या दिवसापासून तू वजडी असली की आधी खिडकी लावायचीस, मग उदबत्ती, मग स्टोव्ह. आणि मला पुस्तक देऊन बाहेर पायरीवर बसवायचीस. "मोठ्यानं वाच," म्हणायचीस, "अभ्यास चाललाय म्हटल्यावर कुणी आत येत नाय." मी घसा फोडून भूगोल वाचतेय आणि आत तू चुना लावून वजडी घासतेयस. एकदा मी आत आले, "मला दाखव ना." तू माझे हात मागं ढकललेस. "नाय. ह्या हाताला हा वास नको. तू साळंचं बघ." बघितलं ना, माय! शिकले, शिकवलं, दुसऱ्यांच्या पोरी शहाण्या केल्या. आणि तुझ्या हातची चव तुझ्याबरोबर गेली. पायरीवर बसून मला किती वाजता कुठला मसाला पडला ते कसं कळणार होतं?

परत आल्यावर हट्टाला पेटले. रविवारी खाटकाकडं गेले, बकऱ्याची वजडी आणली. चुना लावला, गरम पाण्यात घातली, सुरीनं खरवडली. काळं निघता निघेना. बाजारातला येसर आणला, तो मेला नुसता धण्याचा भुगा. कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या? तुझ्याकडं कुकरच नव्हता. शेवटी झाली तेव्हा रबरासारखी चिवट, आणि वास तसाच राहिलेला. ह्यांनी भाकरीबरोबर दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "चांगली झालीय." एवढं खोटं तर ते लग्न ठरताना पण बोलले नव्हते.

हे सगळं तुला लिहून काय करू? टाकायचं कुठं? तुझ्या नातीला तर हे मी अजिबात दाखवणार नाही. फोनवर तिला ऐटीत सांगितलंय, त्या बाईसारखं दार उघडं टाकून रांधली म्हणून. माय, हा फ्लॅट माझा आहे, माझ्या नावावर. वर-खाली कुणी मला एका शब्दानं काही बोललेलं नाही. तरी वजडी धुवायला घेतली तेव्हा मी आधी खिडकी लावली, मग उदबत्ती लावली, आणि मग गॅस. रांधायचं तू शिकवलं नाहीस, ते मला आलं नाही. हे तर तू शिकवलंही नव्हतंस.