टॉवरलाईनखालची केळी

८ सप्टें., सोम.
बारावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन. प्रोजेक्टर चालला, नशीब. पडद्यावरच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला की दिवा पेटतो. पोरं आळीपाळीने माऊस ओढत होती. मागच्या बाकावरची अश्विनी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, म्हणजे न चिकटताच वीज येते?"
येते म्हटलं.
"आमच्या शेतावरून टॉवरलाईन गेलीये. कुंपणाच्या तारेला हात लावला की झिणझिण्या येतात. ते हेच?"
असा प्रश्न किती वर्षांनी! वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

१० सप्टें., बुध.
आज वेढे वाढवून दाखवले. दिवा प्रखर. अश्विनी तास संपल्यावर थांबली. वाढवतच गेलं तर? म्हटलं, उजेडही वाढत जाईल. प्राचार्यांशी बोलले, हिला विज्ञान प्रदर्शनाला न्यायचं.

१३ सप्टें., शनि.
अश्विनीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यांची केळीची बाग, बांबूवर ताणलेली तार, खाली मिणमिणता दिवा. वर टॉवरलाईन. मागे तिच्या वडिलांचं, नानांचं हसू.
"दिवसा मोटारीला लाईट नसते ना मॅडम. नाना म्हणतात, अजून उंच नेऊ."
काढा ते आधी, म्हटलं.
"पण लाईनीला हात कुठे लावतोय? तुम्हीच तर सांगितलं."
घरी येऊन वर्गात दाखवलेलं ते सिम्युलेशन पुन्हा उघडलं. चुंबक कितीही जवळ नेला तरी कुणाला काही होत नाही. दिवा तेवढा उजळतो.

१५ सप्टें., सोम.
पडदा बंद. फळ्यावर लाईन काढली, खाली बांबू, मध्ये हवा. एवढ्या दाबाची वीज हवेतून उडी मारते, शिवावं लागत नाही; बांबू ओला असला तर त्यातून थेट खाली उतरते. जिच्यासाठी सांगत होते ती आलीच नव्हती.

१६ सप्टें., मंगळ.
रिक्षा करून अश्विनीच्या शेतात. वर लाईन सारखी गुणगुणते. एका बांबूला दुसरा बांधलेला.
नाना म्हणाले, "काहून घाबरता मॅडम? पोरगी हुशार निंघाली, तुमचीच शिकवण."
लाईनवाल्यांना सांगते म्हटलं तसा चेहरा उतरला. "केस होईल. मंग पोरीचं कॉलेज बंद."
अश्विनी केळीच्या ओळीत उभी. माझ्याकडे बघेना.
तरी हटले नाही. शेवटी नानांनी बांबू उतरवला, माझ्यासमोर. परतताना जरा हलकं वाटलं.

१८ सप्टें., गुरु.
अश्विनी गैरहजर. फोन बंद. वीज कचेरीत तोंडी सांगून आले, नाव न घेता. "माणूस पाठवतो," म्हणाले. लिहून काही घेतलं नाही.

२२ सप्टें., सोम.
बोदवडच्या एसटीतून दिसलं. नानांची बाग मोकळी. पण शेजारच्या कापसात बांबू. त्यापुढच्या केळीतही. एक तर नुकता तोडलेला, हिरवागार, नानांच्या बांबूपेक्षा उंच. कंडक्टरला सांगून तिथेच उतरले. शेतात कोणी नाही. हाका मारल्या. जवळ जायचा धीर झाला नाही.
संध्याकाळी अश्विनीचा फोन लागला.
"मी नाही सांगितलं मॅडम. लोक घरी येतात. तार कशी ताणायची ते नाना समजावून सांगतात."
कोण लोक?
"आता दुसऱ्या गावचेपण येतात."
कचेरीचा फोन उचलत नाहीत. बाहेर पाऊस सुरू झालाय. ते हिरवे बांबू आता भिजत असतील.