बुंदीचं वजन

कऱ्हाटी,
मंगळवार, दुपार

प्रिय रेश्मा,

आधी बुंदीचं सांगते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. बुंदी बरी आहे. आज सकाळी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर नऊशे दहा ग्रॅम भरली. गेल्या आठवड्यात साधारण तेवढीच होती, त्याच्या आधीच्या आठवड्यातही. डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “भागूबाई, आता हेच तिचं वजन. ना वाढवायचं, ना कमी करायचं. फक्त सांभाळायचं.” मी हे लिहितेय आणि ती पायाशी वाळलं गवत कुरतडत बसली आहे. मध्येच फ्रिजकडं तोंड करून शिट्टी मारते. कोथिंबीर कुठं ठेवलेली असते ते त्या एवढ्याशा गिनीपिगला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तिचं ऑपरेशन झाल्याचं तुला माहीत आहे, पण ते कसं पार पडलं हे मी तुला कधी सांगितलं नाही. नवरात्रात तुझा फोन आला तेव्हा ‘झालं सगळं, बरी आहे’ एवढंच म्हणाले. नव्या घरातलं तुझं पहिलंच नवरात्र, घट बसलेले, सासूबाईंचे उपास, येणारंजाणारं माणूस. त्यात आधीच्या सासरी राहिलेल्या जनावरासाठी डोळे पुसत बसलेली सून कशी दिसेल, असं माझ्या मनात आलं. आता सगळं निभावलं आहे, तर सगळंच सांगते.

गणपती गेले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. तिच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ व्हायला लागले. तुझे तात्या म्हणाले, “मेंढरं न्हाय का लोकर सोडत, तसंच आसंल.” त्यांच्या वडलांचा कळप होता तेव्हाचं शहाणपण अजून त्यांच्याजवळ आहे, आणि ते सगळ्या चार पायांच्या जिवांना लागू पडतं असा त्यांचा समज आहे. मी काट्यावर ठेवून बघितलं, तर वजन कमी नव्हतंच, उलट थोडं वाढलेलं. पण माझ्या हाताला काही ते पटेना. अंगणवाडीत मी उभी हयात झोळीत घालून लेकरांची वजनं केली. अंगावर सूज आलेलं लेकरू काट्यावर भरतं, दंडाला हात लावला की खरं काय ते कळतं. बुंदीच्या पाठीवरून बोट फिरवलं तर मणके लागत होते, आणि पोट मात्र तटतटीत.

बारामतीला डॉक्टर राजनंदिनी म्हणून आहेत, वयानं तुझ्याएवढ्याच. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात असली छोटी जनावरं हाताळून आलेल्या. त्यांनी सोनोग्राफी केली आणि पडद्यावर दाखवलं. दोन्ही बीजकोशांना पाण्यानं भरलेल्या गाठी. काट्यावर दिसत होतं त्यातलं बरंच वजन त्या पाण्याचं होतं, जीव आतून उतरतच चालला होता. मादी गिनीपिगला वय झालं की हे पुष्कळदा होतं म्हणे. बीजकोश आणि गर्भाशय दोन्ही काढायचं, हाच खरा उपाय. तात्यांनी विचारलं, “एवढ्याशा जिवाला भूल सोसंल का?” डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, “धोका आहे, तात्या. पण नाही केलं तर गाठी वाढत जाणार, आणि ही खायची थांबणार.” तात्या उठून बाहेर गेले, वासरू घेऊन आलेल्या कुणाशी उगाच दोन शब्द बोलले आणि परत आले. म्हणाले, “युवराजनं आणलेलं जनावर हाय. करा.”

रेश्मा, माझा लेक, आपला युवराज, त्या उसाच्या ट्रॉलीला धडकून गेला त्याला तीन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत तात्यांनी घराबाहेर त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. तुझ्या वाढदिवसाला त्यानं पुण्याहून बुटांच्या खोक्याला भोकं पाडून ही आणली होती आणि तू आधी ‘उंदीर!’ म्हणून खाटेवर चढली होतीस, ते मला दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या आठवलं आणि हसूही आलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी एक घोळ घालत होते. माणसाला उपाशी ठेवतात, म्हणून मी तिचं गवत उचलून ठेवलं. बरं तर बरं, डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “अहो, हिला उपाशी नाही ठेवायचं! हिचं पोट सतत चालू लागतं. आतडी थांबली की जीव जातो.” मी धावत जाऊन गवत पुढ्यात टाकलं. ऑपरेशन नीट झालं. तुझ्या जुन्या पिवळ्या ओढणीत गुंडाळून तिला घरी आणलं, आणि खरी परीक्षा तिथून पुढं सुरू झाली.

ती भिंतीकडं तोंड करून बसली. गवताला तोंड लावेना, लेंडी टाकेना. वजन केलं तर आठशे वीस. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की गाठी गेल्या, त्यांचं वजन जाणारच, त्याला घाबरायचं नाही. त्याच्याही खाली उतरायला लागलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं. दुसऱ्या सकाळी आठशेच्याही खाली. आम्ही तशीच गाडी काढली. त्यांनी दुखणं कमी व्हायला आणि पोट चालू व्हायला इंजेक्शनं दिली, आणि बिनसुईच्या सिरिंजनं भरवायला शिकवलं. गवताची हिरवी भुकटी पाण्यात कालवायची आणि ओठाच्या कडेनं थोडी थोडी सोडायची, ती गिळेपर्यंत थांबायचं, परत सोडायची. मी भरवायची आणि तात्यांनी धरायचं. तात्यांनी दोनदा टॉवेल सारखा केला. म्हणाले, “एडक्याची शिंगं धरून त्याला आडवा पाडलाय मी. हिला कुठं धरू, आगं, हाताला लागंना झालीय.” तरी दर दोन-तीन तासांनी मांडीवर टॉवेल टाकून तयार बसायचे. त्यांचं टीव्हीवरचं कीर्तनसुद्धा त्या दिवसांत बंद होतं.

आठवड्याच्या आतच एका दुपारी मी भांडी घासत होते आणि आतून तात्यांची हाक आली, “आगं ये! लवकर ये! लेंडी टाकली!” मी राखेच्या हातांनी धावले. बघते तर बुंदी बांधावरचं मारवेल गवत ओढून ओढून चावत होती. तात्यांनी ते तिच्यासाठीच कापून सावलीत वाळवलं होतं. तो चावण्याचा करकर आवाज ऐकत आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले तर तिथंही तात्या ही बातमी सांगून आले. लोकांना काय कळलं असेल कोण जाणे.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मग तिचे लाड सुरू झाले. जो येईल तो तिला काहीतरी घाली. केळं, द्राक्षं, भाकरीचा तुकडा. तात्या गाईंच्या वाफ्यातला लसूणघास रोज मूठभर आणायचे. “गायीला चालतं तर हिला का न्हाय?” आणि मीही खूशच होते. मला जन्मभर एकच माहीत, वजन चढलं की चांगलं. मार्गशीर्षात पुन्हा तपासायला नेली, तर एक हजार ऐंशी! मी आपली कौतुकाच्या अपेक्षेनं बघतेय, आणि डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “भागूबाई, हे अंगणवाडीतलं बाळ नाही. ऑपरेशननंतर हिच्या अंगाला कमी खाणं पुरतं, भूक मात्र होती तेवढीच राहते. म्हणून आता आपणच हात आखडायचा.” माझं बोट धरून तिच्या बरगड्यांवर ठेवलं. म्हणाल्या, बरगड्या पातळाच्या पदराआडून लागाव्यात तशा लागल्या पाहिजेत, हिच्या तर गोधडीआडून लागतायत. लसूणघास कायमचा बंद. दुभत्या गाईला तो मानवतो, हिला त्यानं चरबी चढते आणि मुतखडाही होतो. तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण एकदम उपाशीही मारायचं नाही, असंही बजावलं. जाड गिनीपिगचं खाणं तोडलं तर यकृतच बिघडतं. म्हणून गवत हवं तेवढं, पाकिटातला दाणा चमचाभर, रोज थोडी कोथिंबीर आणि ढोबळी मिरची, कधीमधी पेरूची फोड. आठवड्याच्या आठवड्याला वजन करायचं आणि हळूहळू खाली आणायचं. आणि आणखी एक म्हणाल्या. “हिला सोबत आणा. एकटी आहे म्हणून नुसती बसून खाते.” जळोचीचं एक कुटुंब बदली होऊन चाललं होतं, त्यांच्याकडची मादी आम्ही आणली. तात्यांनी तिचं नाव ठेवलं शेव. पहिले काही दिवस मधे जाळी ठेवली, दोघी दात वाजवायच्या. आता खाटेखाली एकीमागं एक पळत असतात, आणि त्या पळण्यानंच बुंदी पुन्हा मापात आली आहे.

सोबत आणा म्हणाल्या, तेव्हा घरी येताना गाडीत मला तूच आठवलीस. तुझ्याबद्दलही मी हेच म्हणाले होते ना, एकटीनं राहायचं नाही. आपल्यात पाट लावायची रीत पूर्वीपासूनची, तरी बोलणारे बोललेच. युवराजची माणसं असून सुनेला दुसऱ्या घरी देतात म्हणाले. तात्यांनीच सार्थकरावांचं स्थळ आणलं, वालचंदनगरला जाऊन क्वार्टर बघून आले, आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही तुझी लेकीसारखी पाठवणी केली. निघताना तू बुंदीचा पिंजरा माझ्या मांडीवर ठेवलास. म्हणालीस, तिकडं मांजर आहे. मांजर आहे, ते खरं. पण तू ती माझ्यासाठी ठेवून गेलीस, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. दर रविवारी तू फोन करायचीस. दिवाळीनंतर फोन थांबला, नुसता मेसेज, ‘आई, बुंदी कशी आहे?’ मी फोन केला की ‘कामात आहे, करते नंतर.’ तीन महिने माझ्या मनाला घोर लागला होता. पोरीला तिकडं काही त्रास आहे का, का आमचंच काही लागलं तिला? परवा बारामतीच्या बाजारात तुझी आई भेटली. सारजाबाई चिंचा निवडत होत्या. मी विचारलं, एवढ्या चिंचा कशाला, तर बोलून गेल्या, “रेश्माला आंबट लागतंय ओ, पाचवा चाललाय.” आणि लगेच जीभ चावली. “तिनं मला शपथ घातलीया. कऱ्हाटीच्या आईंना सांगू नगं, त्यांना युवराजची आठवण यील म्हनती.” अगं वेडे! मी तिथंच भाजीवालीच्या गोणीवर बसले. मला रडू आलं, ते घोर उतरला म्हणून. एवढंच होतं होय, असं झालं. युवराजची आठवण तर मला रोजच येते, तुझ्या बाळानं ती काही जास्त होणार नाही की कमी होणार नाही. घरी येऊन तात्यांना सांगितलं. ते शेवेला गवत टाकत होते. हातातली सगळी पेंडी त्यांनी तिच्यापुढं टाकली आणि म्हणाले, “कुणाचं का आसंना, आपल्या रेश्माचं हाय न्हवं?” रविवारी आम्ही दोघं वालचंदनगरला येतोय. तुझ्या सासूबाईंना आणि सार्थकरावांना सांगून ठेव. त्याआधी मात्र तू फोन कर आणि तुझ्या तोंडानं मला सांग. सारजाबाई बोलल्या ते मी ऐकलंच नाही असं धरते.

तुझीच,
कऱ्हाटीची आई